साम्राज्ये पुरे, एक परगणा द्या

फाशांच्या साहाय्याने आणि वाणीच्या बळावर चार-पाच माणसांनी मेजाभोवती बसून एखाद्या कल्पित मुलखात आपापली पात्रे वावरवावीत, असा जो खेळ इंग्रजीत रोलप्लेइंग गेम या नावाने ओळखला जातो, त्याच्या प्रकाशकांनी यापुढे कोणत्या मुलखांची पुस्तके काढावीत, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या हौशी तरुणांपुरता आता उरलेला नाही, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या रहिवाशानेही त्यात आपले म्हणणे मांडावे असे मला वाटते. वृत्तपत्रात खेळण्यांची चर्चा कशाला, असे विचारणारे सद्गृहस्थ भेटतीलच. त्यांनी क्रिकेटवरचे रकाने आजवर किती निमूटपणे वाचले, याचे तेवढे स्मरण ठेवावे.

खेळाची रीत साधी आहे. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग मांडतो. बाकीचे एकेका पात्राच्या वतीने बोलतात, वागतात. आणि जिथे यशाची शाश्वती नसते तिथे फासा निवाडा देतो. पट नाही, सोंगट्या असल्याच तर नावापुरत्या, आणि शेवटी कोणी जिंकत नाही की हरत नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा पहिला खेळ छापून विक्रीस काढला, आणि पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ व ‘ब्लॅकमूर’ या त्याच्या पुरवण्या निघाल्या. नियमांचा मूळ ग्रंथ गिऱ्हाईक एकदाच विकत घेतो, पुरवणी मात्र दरसाल घेऊ शकतो, हे व्यापारी गणित ज्याला प्रथम उमगले त्याचे नाव इतिहासाने वेगळे नोंदवलेले नाही. पण या धंद्याचा पुढचा सारा पसारा त्याच गणितावर उभा आहे.

त्या पसाऱ्याची कथा बोधप्रद आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मूळ कंपनीने 1987 साली ‘फरगॉटन रेल्म्स’ नावाचे विस्तीर्ण जग बाजारात आणले, 1991 साली उजाड वाळवंटांचे ‘डार्क सन’ आणले, 1994 साली परलोकांच्या चक्रव्यूहांचे ‘प्लेनस्केप’ आणले; आणि प्रत्येक जगासाठी नकाशे, राजवंश, देवगण आणि राक्षसगण यांच्या जाडजूड पोथ्या निघत गेल्या, तसतसा एका जगात रमलेला खेळाडू दुसऱ्या जगाच्या पोथीकडे ढुंकून पाहीनासा झाला. 1997 साली ती कर्जबाजारी कंपनी दुसऱ्याने विकत घेतली, तेव्हा तिच्या ऱ्हासाची जी अनेक कारणे सांगितली गेली त्यांत आपलेच गिऱ्हाईक आपणच वाटून टाकले, हे एक ठळक कारण होते. नव्या मालकांनी 2002 साली नव्या जगाच्या शोधार्थ जाहीर आवाहन केले, त्यास 11,000 हून अधिक प्रस्ताव आले, आणि त्यातून निवडलेले कीथ बेकर यांचे ‘एबेरॉन’ 2004 मध्ये छापून निघाले. अकरा हजार माणसांनी अकरा हजार जगे निर्मावीत आणि त्यांतल्या एकाकडेही कोणी एखादा जिल्हा मागू नये, ही गोष्ट मला चमत्कारिक वाटते. खेळाडू एका बैठकीत फार तर एक गाव, एक घाट किंवा एक बाजार पाहतो. त्याच्यासाठी सात खंडांची भूगोलविद्या छापणे म्हणजे कागदाचा अपव्यय होय.

आपल्या देशाच्या वाट्याला या ग्रंथांत काय आले, तेही पाहू. 1980 साली निघालेल्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात जगातल्या नाना देवगणांच्या जोडीने इंद्र, अग्नी, काली यांनाही स्थान मिळाले, आणि प्रत्येकाच्या नावापुढे शक्तीचे, चिलखताचे आणि किती घाव सोसू शकेल याचे आकडे मांडले गेले. ग्रीकांचे वा नॉर्सांचे देव त्यांच्या उपासकांनी कधीच निवृत्त केले असल्याने त्यांच्याशी अशी थट्टा खपून जाते. परंतु चैत्रातल्या यात्रेत मराठवाड्यातून आणि तेलंगणातून आलेली माणसे झरपट नदीत अंघोळ करून चंद्रपूरच्या ज्या महाकालीपुढे उभी राहतात, तिच्या नावापुढे घावांचा आकडा लिहिणाऱ्याने आधी त्या रांगेत एक सकाळ काढावी. चाळीसेक वर्षांनी या बाबतीत काहीसे शहाणपण आले. 2022 साली ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या संग्रहात तेरा निरनिराळ्या साहसकथा आल्या, आणि त्यांतली मणिवर्षाच्या अरण्याची कथा मिमी मंडल या बंगाली लेखिकेने लिहिली. तिच्यातल्या नद्या आणि गावे बंगालच्या ओळखीची आहेत. हीच वाट पुढे नेली पाहिजे. मात्र भीती अशी वाटते, की पुढचा प्रकाशक उठेल आणि ‘प्राचीन भारत’ नावाचे एकच भलेमोठे पुस्तक काढेल, ज्यात हत्ती, महाराजे, नाग आणि ऋषी यांची खिचडी असेल आणि एकाही गावाचा शेतसारा कोण वसूल करतो हे कळणार नाही.

माझी सूचना याच्या अगदी उलट आहे. काढायचीच असेल तर चांद्याच्या, म्हणजे जुन्या चंद्रपूरच्या, मुलखाची पुरवणी काढावी. आणि काळ घ्यावा तो अठराव्या शतकाच्या आरंभीचा, जेव्हा गोंड राजा बीरशहाच्या वधानंतर त्याची राणी हिराई हिने दत्तक रामशहाच्या नावाने गादी सांभाळली, पतीची समाधी बांधवली आणि राज्यकारभाराची सूत्रे हाती ठेवली. शहराभोवती परकोट आहे, जो गेल्या काही वर्षांत स्थानिक तरुणांनी झाडोरा तोडून पुन्हा उघडा केला. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आहेत, आणि हनुमान, विठोबा, चोर, मसान व बगड अशा पाच खिडक्या आहेत. चोर खिडकी आणि मसान खिडकी! ज्या नगराच्या तटालाच अशी नावे आहेत, त्याच्यासाठी कारस्थाने कल्पावी लागत नाहीत. पूर्वेला वैरागड आहे, जिथल्या हिऱ्यांच्या खाणींची ख्याती मोगल दरबारापर्यंत गेली होती. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळे आहेत, जिथे नदी उत्तरेकडे वळते. आणि त्यापलीकडे अहेरी, धानोरा, रांगी, मुरुमगाव, गेवर्धा अशा जमीनदाऱ्यांचा घनदाट पट्टा आहे, जिथे राजाचा हुकूम पोहोचेपर्यंत त्याची शाई वाळलेली असते आणि जरबही. काळाच्या दुसऱ्या टोकाला 1751 साल आहे: त्या वर्षी रघुजी भोसल्यांनी चांदा घेतला आणि नीळकंठशहाबरोबर गोंड राज्य संपले. हिराईच्या हयातीत कोणालाही ठाऊक नाही की आपल्यापाशी अर्धशतकही उरलेले नाही. खेळणाऱ्यांना मात्र ते ठाऊक असते, आणि एवढ्या एका जाणिवेने साध्या तंट्यालाही जे गांभीर्य येते ते दहा ड्रॅगन आणून येणार नाही.

तंटा कशाचा, हे सांगितले पाहिजे, कारण तलवार न उपसता चार बैठका कशा रंगतील अशी शंका वाचकाला येणे साहजिक आहे. गोंड राजांच्या अमलात अशी वहिवाट होती, की जो कोणी जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येणारी जमीन सनदेने मिळावी. या देणग्यांना तुकूम म्हणत, आणि चंद्रपुरात आजही त्या नावाची वस्ती आहे. तलाव बांधण्यात कोहळी समाज निष्णात होता. आज ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते मालगुजारांच्या हातून पुढे सरकारकडे आलेले तलाव बहुतांशी त्याच परंपरेचे आहेत. आता सूत्रधाराने एवढेच मांडावे: एका कोहळी पाटलाने सनद आणली आहे, पाळ कुठे घालावी हे त्याला जमिनीचा उतार पाहून नेमके कळते, परंतु पाळ तिथे घातली तर गोंड गावाची देवाची झाडे पाण्याखाली जातात, आणि चार हात वर घातली तर पाणी धानाच्या निम्म्या बांध्यांना पुरत नाही. मेजाभोवतीचा एक खेळाडू पाटील आहे, एक गोंड गावचा गायता, म्हणजे पुजारी, आहे, एक राणीच्या दफ्तरातला कारकून आहे, ज्याला सनदेवर शिक्का उमटवायचा आहे आणि आपला हक्कही सोडायचा नाही. गायता म्हणतो, “पाटील, तुमी पाळ खुशाल बांधा जी, पण देवाची झाडं बुडाली तं आमी पूजा कुठं कराव?” यावर पाटील काय म्हणेल, ते पुस्तकात छापलेले नसावे. पुस्तकात छापलेले असावे ते हे: सांडवा किती उंच ठेवला तर किती रान बुडते, धानाला कोणत्या महिन्यात पाणी लागते, सनद फिरवून घ्यायची तर चांद्याला किती दिवसांची वाट आहे, आणि देव हलवायचा तर त्याला काय द्यावे लागते. अशी माहिती देणारी पुरवणी चाळीस पानांची असली तरी ती चारशे पानांच्या राजवंशावळीवर मात करील.

दुसरी पुरवणी अरण्याच्या वर्षाची हवी, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची ठरेल. परदेशी ग्रंथांतले अरण्य म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना लागणारा काळोखा टप्पा, ज्यात फासा टाकला की काही तरी झुडपातून उडी मारते. आमच्याकडचे अरण्य हे कोठार आहे, देऊळ आहे, आणि चैत्रात तर ते बाजाराचे आवारही होते. गडचिरोली जिल्ह्याचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग वनाखाली आहे, आणि तिथल्या घरोघरच्या वर्षाचा जमाखर्च मोह, तेंदू, बांबू, चारोळी, डिंक यांच्या हिशेबाने चालतो. मोहफुले पहाटे गळतात. म्हणून बायका उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, पाला झाडून वा जाळून जमीन मोकळी करतात, आणि वाकून, बसून, एकेक फूल वेचतात. त्या अर्धवट उजेडात खाली वाकलेले माणूस वाघाला माणूस वाटत नाही, चतुष्पाद सावज वाटते. दरसाल उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येणाऱ्या कित्येक बातम्यांच्या मुळाशी एवढीच हकिगत असते. पुढे मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू होतो. 70 पानांचा पुडा बांधायचा, फडावर नेऊन मांडायचा, आणि मुनशीने तो मोजताना नजर चुकवली तर भांडायचे. या सगळ्यासाठी खेळात नियम करता येतात, आणि ते केले पाहिजेत: किती जणींनी मिळून जावे, आवाज देत राहिल्यास फुले कमी वेचली जातात ती किती, घरात धान्य किती दिवसांचे उरले आहे, आणि म्हणून आज जायचेच की उद्यावर टाकायचे. वाघाच्या नावापुढे मात्र घावांचा आकडा नसावा. ताडोब्याच्या तळ्याकाठी ज्या तारूचे देवस्थान आहे, तो लोककथेप्रमाणे वाघाशी झुंजताना पडलेला गावप्रमुख. गावागावांच्या शिवेवर वाघोबा शेंदूर लावून बसलेला आहे. जिथे वाघाने मारलेला माणूस देव होतो आणि वाघही देवच असतो, तिथे वाघाला मारून मिळणाऱ्या गुणांची कोष्टके छापणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय खेळ म्हणूनही ते नीरस आहे. वाघ टाळता येतो, त्याची चाहूल घेता येते, त्याच्याशी नवस बोलता येतो. त्याला जिंकता येत नाही, एवढा नियम पुरे.

याच संदर्भात मेंढा (लेखा) या धानोरा तालुक्यातल्या गावाची आठवण होते. “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही घोषणा देणाऱ्या या गावाला वनहक्क कायद्यान्वये सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक-परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. खेळाच्या दृष्टीने मला लक्षणीय वाटते ती तिथली निर्णयाची रीत. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी बहुमत त्याज्य मानले. सर्वांची संमती होईपर्यंत विषय पुनःपुन्हा बैठकीत यायचा, मग त्याला कितीही काळ लागो. आजच्या बहुतेक खेळांत चार जणांतला सर्वांत उतावळा खेळाडू दार लाथाडतो आणि बाकीचे त्याच्यामागे फरफटत जातात. एखाद्या प्रकाशकाने धाडस करून असा नियम छापावा की एकही पात्र असहमत असेल तोवर पुढचे पाऊल पडणार नाही, आणि दरम्यान अरण्यातला काळ पुढे सरकत राहील, फुले गळत राहतील, पाऊस जवळ येत राहील. मग पहावे, मेजावर केवढी झुंज होते ती. असे कागदोपत्री लहान दिसणारे नियमच पुरवणीचे खरे भांडवल असतात, कारण मुलूख बदलला आणि नियम जुनेच राहिले तर फक्त पडदा बदलतो, नाटक तेच चालते.

काय काढू नये, यासंबंधीही स्पष्ट बोलले पाहिजे. 1980 च्या सुमारास प्राणहितेपलीकडून जी सशस्त्र चळवळ या जिल्ह्यात आली, तिने आणि तिच्याविरुद्धच्या कारवायांनी किती घरांतली माणसे नेली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांची मुले आज शाळेत जात आहेत. बाहेरच्या प्रकाशकाला गडचिरोलीचे नाव ऐकताच पहिल्यांदा हाच विषय सुचेल, याविषयी मला शंका नाही. आणि तो त्याने सोडून द्यावा, याविषयीही नाही. बंदी घालावी असे मी म्हणत नाही; पण ज्याच्या जखमेवर अजून पट्टी आहे त्याच्याच दारात फासे टाकण्याला मी करमणूक म्हणणार नाही. 1858 ची गोष्ट वेगळी. मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके यांनी गोंड तरुण जमवून इंग्रजी अंमलाला दिलेले आव्हान, त्यांना धरून देण्यास अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी केलेले साहाय्य, आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात दिली गेलेली फाशी, हे सर्व आता पुतळ्यांच्या आणि व्याख्यानांच्या मालकीचे झाले आहे. व्याख्यानात लक्ष्मीबाईंचे नाव दोन वाक्यांत उरकले जाते. खेळात मात्र कोणाला तरी त्यांच्या जागी बसावे लागेल, इंग्रज डेप्युटी कमिशनरचे पत्र हातात धरावे लागेल, जमीनदारी जाणार की राहणार याचा विचार करावा लागेल, आणि मग स्वतःच्या तोंडाने होकार किंवा नकार उच्चारावा लागेल. त्याने बाबूरावांची थोरवी कमी होईल असे मानणाऱ्यांचा त्या थोरवीवर विश्वास फारच थोडा असला पाहिजे.

हे सारे लिहायचे कोणी? अमेरिकेतून कोणी लेखक ताडोब्याला तीन दिवस राहून लिहून घेऊन जाईल, ही कल्पनाच नको. आणि तशी गरजही नाही, कारण दिवाळी सरली की होळीपर्यंत ज्या मुलखात गावोगाव रात्रभर नाटके चालतात, ज्या मुलखातल्या देसाईगंज-वडसा या एका गावात नाटक मंडळ्यांची दुकाने ओळीने मांडलेली असतात, आणि ज्याच्या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, त्या झाडीपट्टीत प्रसंग बांधणाऱ्यांची वाण नाही. शंकरपटाच्या गर्दीला थंडीत पहाटेपर्यंत जागे ठेवणारा लेखक, आणि दंडारीत आयत्या वेळी समोरच्याचा शब्द उचलून त्याला उलटा फेकणारा नट, हे दोघेही मेजावरच्या सूत्रधाराचे काम त्याच्या नियमग्रंथापेक्षा चांगले जाणतात. कायद्याची अडचणही उरलेली नाही: जानेवारी 2023 मध्ये, परवान्याच्या अटी आवळण्याचा बेत खेळाडूंच्या संतापामुळे फसल्यानंतर, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मालकांनी आपल्या नियमांचा मूलभूत भाग क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली सोडला, आणि श्रेयनिर्देश करून कोणालाही त्यावर पुरवणी रचून विकता येते. वडशाच्या छापखान्याला यासाठी कोणाच्या दारात अर्ज घेऊन जावे लागणार नाही.

पुस्तक मराठीत असावे, पात्रांची बोली झाडीची असावी, आणि माडिया-गोंडी शब्द त्या भाषा बोलणाऱ्यांकडून तपासून घ्यावेत. पुठ्ठ्याच्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा थाट नको. नाटकाच्या तिकिटाएवढ्या पैशांत येईल अशी पुस्तिका असावी, म्हणजे कॉलेजातल्या चार पोरांना मिळून ती घेता येईल. नकाशे मात्र दोन हवेत. एक उन्हाळ्याचा, ज्यात अंतरे कोसांत न देता पायवाटेच्या दिवसांत दिलेली असतील आणि पाण्याची ठिकाणे ठळक दाखवलेली असतील. दुसरा पावसाळ्याचा, ज्यात पर्लकोटा फुगली की भामरागडची वाट पुसली जाईल, वैनगंगेचे उतार नाहीसे होतील, आणि उन्हाळ्याच्या नकाशात शेजारी असलेली दोन गावे एकमेकांपासून महिनाभर दूर जातील. पैशांअभावी एकच छापणे भाग पडले, तर पावसाळ्याचा छापावा.